न जाळलेल्या विजेचे देणे

विजेचे बिल हाती पडले की सामान्य गृहस्थाची नजर प्रथम शेवटच्या आकड्याकडे जाते आणि मग वापरलेल्या युनिटांकडे. या दोहोंच्या मध्ये एक लहानशी ओळ असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘स्थिर आकार’ असे त्या ओळीचे नाव. महिनाभरात दिवा किती जळला, पंखा किती फिरला, याच्याशी तिचा काही संबंध नाही. घराला जितक्या किलोवॅटचा भार मंजूर झाला असेल तितक्या प्रमाणात हे देणे दर महिन्यास द्यावेच लागते. ही ओळ गेली काही वर्षे सावकाश वाढत आहे, आणि तिच्या वाढीबरोबर काटकसर करणाऱ्याची बाजू पडती होत आहे. म्हणूनच आज तिच्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम आकडे पाहू. कर्नाटक विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२५ मध्ये जो दर-आदेश काढला, त्यात घरगुती ग्राहकांचा स्थिर आकार दर किलोवॅटमागे महिना १२० रुपयांवरून १४५ रुपये केला. त्याच वेळी प्रत्येक युनिटाचा दर ५ रुपये ९० पैशांवरून ५ रुपये ८० पैशांवर आणला. पुढील दोन वर्षांसाठीही स्थिर आकाराची दिशा चढतीच ठेवली. वरवर पाहता हा सौदा कोणास वाईट वाटणार नाही. एकीकडे पंचवीस रुपये वाढले, दुसरीकडे युनिटमागे दहा पैसे कमी झाले. कोणी म्हणेल, फिटंफाट झाली. परंतु फिटंफाट कोणाची झाली, हे गणित मांडल्यावाचून कळत नाही.

तीन किलोवॅट मंजूर भार असलेली दोन घरे घ्या. कर आणि इतर अधिभार बाजूस ठेवू. पहिल्या घरात महिन्याला २५० युनिटे लागतात. जुन्या दराने त्याचे बिल १,८३५ रुपये होत असे, नव्या दराने १,८८५ झाले. म्हणजे पन्नास रुपयांची वाढ. दुसऱ्या घरात वातानुकूलन यंत्रे रात्रंदिवस चालतात आणि वापर १,००० युनिटांचा आहे. त्याचे बिल ६,२६० रुपयांवरून ६,२३५ वर आले. म्हणजे पंचवीस रुपयांची बचत. जो कमी जाळतो त्याने पन्नास अधिक द्यावेत आणि जो चौपट जाळतो त्यास पंचवीस परत मिळावेत, असा हा न्याय आहे. तीन किलोवॅटच्या घराला या बदलापासून लाभ व्हावयाचा तर त्याने महिन्याला ७५० युनिटांहून अधिक वीज जाळली पाहिजे! मध्यमवर्गीय कुटुंबात इतकी वीज सहसा लागत नाही.

याच्या आदल्या वर्षीचा बदलही ध्यानात घेण्याजोगा आहे. मे २०२३ च्या आदेशानुसार महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला ४ रुपये ७५ पैसे आणि शंभराच्या पुढे जाणाऱ्याला सर्व युनिटांस ७ रुपये असा दर होता. शंभराची सीमा ओलांडताच सर्वच युनिटांवर चढा दर लावण्याची ती पद्धत निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. पण कमी वापरणाऱ्यास कमी दर हे तत्त्व तरी तीत होते. फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने ते तत्त्वही गेले. सर्वांस एकच दर, ५ रुपये ९० पैसे. अधिक वापरणाऱ्याचे एक रुपया दहा पैसे उतरले, कमी वापरणाऱ्याचे एक रुपया पंधरा पैसे चढले. त्यानंतर वर्षभरातच स्थिर आकाराची ही वाढ आली. दोन्ही पावले एकाच वाटेने पडली आहेत, आणि ती वाट काटकसरीच्या विरुद्ध दिशेने जाते.

यावर एक उत्तर तत्काळ दिले जाईल. ऑगस्ट २०२३ पासून राज्यात ‘गृहज्योती’ योजना लागू आहे. दोनशे युनिटांच्या मर्यादेतील घरांचे बिल सरकार भरते. मग लहान ग्राहकाची काळजी तुम्हांस कशाला? या उत्तराने आमचे समाधान होत नाही. सरकार बिल भरते म्हणजे जनतेच्याच खिशातून भरते. स्थिर आकार जितका वाढेल तितका सरकारी खजिन्यावरील बोजा वाढेल, आणि तो अखेर करांच्या वाटेने आपल्याच दारी येईल. शिवाय कोणतीही सवलत अजरामर नसते. आज सवलतीचा पडदा आहे म्हणून त्यामागे काय वाढत आहे ते दिसत नाही. उद्या हा पडदा सरला, किंवा अर्धा जरी वर गेला, तर ज्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि एक दूरचित्रवाणी संच एवढीच वीज लागते, त्या घराला प्रथमच कळेल की, आपण वापरलेल्या विजेपेक्षा न वापरलेल्या विजेचे देणे मोठे झाले आहे. दोन किलोवॅटच्या घरात चाळीस युनिटे जळली तर विजेची किंमत २३२ रुपये आणि स्थिर आकार २९० रुपये! पिठापेक्षा दळणावळ जास्त असा हा प्रकार होईल.

आणि दुकानदार, कारखानदार यांस तर गृहज्योतीचा पडदाही नाही. उद्यमबागेतील लहान यंत्रशाळा घ्या, मच्छे येथील सुटे भाग बनविणारा कारखाना घ्या. काम असेल त्या महिन्यात यंत्रे चालतात, मंदी आली की थांबतात. यंत्र थांबले की माल नाही, माल नाही की पैसा नाही. पण स्थिर आकार थांबत नाही. ज्या महिन्यात उद्योजकाची मिळकत सर्वांत कमी, त्याच महिन्यात त्याच्या बिलातील या ओळीचा वाटा सर्वांत मोठा. जून २०२३ मध्ये वीजदरवाढीविरुद्ध कर्नाटकातील व्यापारी-उद्योजक रस्त्यावर आले आणि कर्नाटक वाणिज्य व उद्योग मंडळाने २२ जून रोजी बंद पुकारला, तो काही हौसेपोटी नव्हे.

आता वीज कंपन्यांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, खांब, तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, कर्मचाऱ्यांचे पगार आणि कर्जाचे व्याज हा खर्च वीज विकली गेली काय अन् न गेली काय, होतोच. वीजनिर्मिती केंद्रांशी केलेल्या करारांतही क्षमतेपोटी ठरलेली रक्कम द्यावीच लागते. जो खर्च स्थिर आहे तो स्थिर आकारातूनच वसूल व्हावा, हेच न्याय्य. २००३ च्या वीज कायद्याच्या ४५ व्या कलमाने असा आकार घेण्याची मुभाही दिलेली आहे.

कायद्याने मुभा दिली आहे, हे आम्हांस मान्य आहे. स्थिर आकार मुळीच नसावा, असेही आमचे म्हणणे नाही. पण ‘खर्च स्थिर, म्हणून वसुलीही स्थिर’ हा जो सिद्धांत पुढे केला जातो, तो व्यवहारात कोठे टिकतो? साखर कारखान्याची इमारत, चरक आणि बॉयलर यांचा खर्च स्थिरच असतो. तरी साखर किलोने विकली जाते. एस.टी.ची गाडी, तिचा चालक आणि आगार यांचा खर्च गाडी भरलेली असो वा रिकामी असो, तेवढाच होतो. म्हणून बेळगावहून खानापुरास जाणाऱ्या आणि पुण्यास जाणाऱ्या उतारूकडून कोणी सारखीच रक्कम मागत नाही. जगातील बहुतेक धंद्यांत स्थिर खर्च मालाच्या किमतीतूनच भरून काढावा लागतो. विजेच्याच धंद्याला निराळा न्याय का?

दूर कशाला जावे! याच आयोगाने याच मार्च महिन्यात दिलेला दुसरा निर्णय पाहा. वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा व उपदानाचा भार ग्राहकांवर टाकताना आयोगाने २०२५-२६ या वर्षासाठी युनिटमागे ३६ पैसे अधिभार लावला. हा भार ग्राहकांवर टाकावा की नाही, हा वेगळा वाद आहे, आणि तो आज येथे घालण्याचे कारण नाही. परंतु निवृत्तिवेतनाइतका स्थिर खर्च दुसरा कोणता? कोणत्या घरात किती दिवे जळले यावर सेवानिवृत्त तारतंत्र्याचे वेतन अवलंबून नसते. तरीही तो खर्च युनिटांवर वाटून घेण्यास आयोगास कोणतीही अडचण वाटली नाही. मग जो मार्ग निवृत्तिवेतनाला चालतो तो खांबांना आणि तारांना का चालू नये? स्थिर खर्च युनिटांतून वसूल करता येतो, याचा पुरावा आयोगाने स्वतःच्याच हाताने लिहून ठेवला आहे.

शिवाय ‘स्थिर’ हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे. महिन्याच्या हिशोबात रोहित्राचा खर्च स्थिर दिसतो. दहा वर्षांच्या हिशोबात तो तसा राहत नाही. एप्रिलच्या संध्याकाळी सर्व घरांतून एकाच वेळी मागणी चढते, रोहित्र तापते, जळते. मग त्या जागी मोठे रोहित्र बसवावे लागते, तारा जाड कराव्या लागतात, नवी वीज विकत घेण्याचे दीर्घ मुदतीचे करार करावे लागतात. आजचा स्थिर खर्च हे कालच्या वाढत्या मागणीचे अपत्य आहे. ही मागणी लोकांनी आवरती घेतली तर उद्याचे रोहित्र घ्यावे लागणार नाही आणि उद्याचा करारही करावा लागणार नाही. वापर आवरण्याची प्रेरणा युनिटाच्या दरातून मिळते. तो दर उतरवून स्थिर आकार चढवीत गेल्यास ती प्रेरणाच मंदावते, आणि ज्या खर्चाची कंपनी तक्रार करते तोच खर्च पुढे वाढत जातो.

मंजूर भारावर आकार घेतल्याने मोठ्या घराला अधिक द्यावे लागते, एवढी गोष्ट खरी. पण मंजूर भार हा जोडणी घेताना ठरलेला आकडा आहे. गृहिणीने सारे दिवे बदलून एल.ई.डी. लावले, पाणी तापविण्यास सूर्यबंब बसविला, जुना शीतकपाट काढून कमी वीज खाणारा घेतला, तरी तो आकडा आपोआप कमी होत नाही. तिच्या मेहनतीचा मोबदला फक्त युनिटांच्या ओळीत दिसतो, आणि नेमकी तीच ओळ आखूड केली जात आहे.

सूर्यशक्तीच्या बाबतीत तर सरकारच्या दोन हातांचा परस्परांशी मेळच राहिलेला नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचा तिचा संकल्प असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास ७८ हजार रुपये अनुदान मिळते. हेतू उत्तम आहे. आपल्या भागात पावसाचे चार महिने वगळता उन्हाला तोटा नाही. एका किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे वीज देतो.

आता महिना ३०० युनिटे वापरणाऱ्या गृहस्थाने तीन किलोवॅटचा संच बसविला असे धरू. आपली सारी गरज त्याने छपरावर भागविली, तर जुन्या दराने त्याचे महिना १,७७० रुपये वाचले असते. नव्या दराने १,७४० वाचतात. उरलेला ४३५ रुपयांचा स्थिर आकार, म्हणजे वर्षाचे ५,२२० रुपये, त्याने कितीही ऊन गोळा केले तरी चुकत नाही. महिन्याचे तीस रुपये म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे, हे आम्ही जाणतो. पण हाच फरक कायम राहिला तर संचाच्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यात नऊ हजार रुपये होतात, आणि ही केवळ एका वर्षीच्या बदलाची किंमत आहे. दिल्लीने ७८ हजार द्यावेत आणि बेंगळुरूने त्यांतून हप्त्याहप्त्याने काढून घ्यावेत, हा कोणता कारभार? कर्ज काढून संच बसवू पाहणारा शिक्षक वा लहान दुकानदार पुढील वीस वर्षांचा हिशोब मांडीत असतो. दरवर्षी त्या हिशोबाचा पायाच हलत असेल तर त्याने कशाच्या भरवशावर पाऊल टाकावे?

हा झगडा आपल्याच भागात आहे असे नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०१४ मध्ये एका मोठ्या वीज कंपनीचा मासिक स्थिर आकार सुमारे ९ डॉलरवरून १६ डॉलरवर नेण्यास तेथील आयोगाने संमती दिली, तेव्हाही विरोधकांनी हेच म्हटले की, ही वाढ काटकसर करणाऱ्याच्या आणि सौरसंच बसविणाऱ्याच्या मुळावर येणारी आहे. कॅलिफोर्नियात मे २०२४ मध्ये बहुतेक ग्राहकांस महिना २४ डॉलर १५ सेंटचा स्थिर आकार ठरला. निदान तेथे गरिबांसाठी ६ आणि १२ डॉलरच्या पायऱ्या ठेविल्या आणि युनिटाचा दरही पाच ते सात सेंटांनी उतरविला. स्पेनने २०१५ मध्ये स्वतःची सौरवीज वापरणाऱ्यांवर जो आकार बसविला त्यास लोकांनी ‘सूर्यावरील कर’ असे नाव दिले. २०१८ मध्ये सरकार पालटताच तो रद्द करावा लागला. शेजारच्या महाराष्ट्रात नियामक आयोगाने २०२० मध्ये, छपरावरील सौरक्षमता ५,००० मेगावॅटवर पोचेपर्यंत जाळ्याच्या आधारापोटी वेगळा आकार लावावयाचा नाही, असे ठरविले. रोपटे मूळ धरीपर्यंत त्याची पाने खुडू नयेत, एवढे शहाणपण त्यात होते.

सौरसंच असणारा गृहस्थ रात्री कंपनीच्याच तारांतून वीज घेतो, म्हणून त्याने जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, हा मुद्दा आम्ही नाकारीत नाही. त्याने उचलावा, पण जितका वापर तितका. त्यासाठी वेळेनुसार दर हे साधन हाताशी आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक-हक्क नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि चढ्या मागणीच्या तासांत महाग ठेवण्याचे तत्त्व घालून दिले आहे. शेती वगळता इतर सर्व ग्राहकांना, स्मार्ट मीटर बसतील तसतसे, ते लागू व्हावयाचे आहे. संध्याकाळी सात वाजता जो जाळ्यावर ताण देतो त्याने अधिक द्यावे, मग त्याच्या छपरावर काच असो वा कौल असो. हा न्याय सर्वांस समजेल आणि पटेल.

२००३ च्या कायद्याच्या ६१ व्या कलमाने दर ठरविताना कोणती तत्त्वे पाळावीत हे आयोगांस सांगितले आहे. साधनसामग्रीच्या काटकसरीच्या वापरास उत्तेजन मिळावे, हे त्यांतील एक. आणि नव्याने निर्माण होणाऱ्या स्रोतांपासून वीजनिर्मितीला चालना मिळावी, हे दुसरे. याच कलमात खर्चाच्या वाजवी वसुलीचाही उल्लेख आहे आणि ग्राहकांच्या हितरक्षणाचाही. यांतले एक तत्त्व उचलून बाकीची बाजूस सारण्याचा अधिकार कायद्याने आयोगास दिलेला नाही. कंपनीचा हिशोब जुळला म्हणजे आयोगाचे कर्तव्य संपले, असे होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. स्थिर आकार हा मीटर, घरापर्यंतची जोडतार, वाचन आणि बिलवाटप अशा, प्रत्येक ग्राहकामागे खरोखरच वाढणाऱ्या खर्चापुरताच मर्यादित ठेवावा. बाकीचा खर्च युनिटांच्या दरातून घ्यावा, आणि त्या दराच्या पायऱ्या पुन्हा अशा आखाव्यात की, पहिली पायरी सर्वांसाठी स्वस्त राहील आणि पुढचे प्रत्येक युनिट जाळताना ग्राहक विचार करील. मंजूर भार कमी करून घेण्याची सोय सुलभ आणि विनाविलंब असावी. मंदीच्या महिन्यांत बंद राहणाऱ्या लहान कारखान्यांस स्थिर आकारात सूट असावी. आणि ज्याने छपरावर सौरसंच बसविला त्याला, संच बसविताना असलेल्या नियमांचे संरक्षण ठरावीक वर्षे तरी मिळावे.

या मागण्या वृत्तपत्राच्या रकान्यात मांडून भागणार नाही. दर-निश्चितीचा अर्ज प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना विचारात घेणे कायद्याने बंधनकारक आहे. जाहीर सुनावणीच्या वेळी कंपनीचे अधिकारी आणि सनदी हिशेबनीस कागदांचे गठ्ठे घेऊन येतात. ग्राहकांच्या बाजूची खुर्ची मात्र पुष्कळदा रिकामी असते. मग रिकाम्या खुर्चीचा कौल कंपनीच्या बाजूने गेला तर नवल काय? व्यापारी संघटनांनी, ग्राहक मंडळांनी, महिला मंडळांनी आणि गल्लीगल्लीतील युवक मंडळांनी आपापल्या सभासदांची बिले गोळा करावीत, दोन वर्षांची तुलना मांडावी, आणि ते साधे त्रैराशिक हरकतीच्या रूपाने आयोगापुढे ठेवावे. पांडित्याची गरज नाही. ‘आम्ही कमी जाळले आणि आमचे बिल वाढले’ या एका वाक्याचे उत्तर आयोगास द्यावयास लावले, तरी पुष्कळ काम होईल.

खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा, ही शिकवण आपल्या घरांत आजीने नातवंडांना दिली. सरकारनेही लाखो रुपयांच्या जाहिराती देऊन तेच सांगितले. आता त्या मालविलेल्या दिव्याचेही पैसे मागितले जाऊ लागले, तर नातवंड विचारील की, मग मालवायचा कशाला? या प्रश्नाला आजीजवळ उत्तर नाही. ते देण्याची जबाबदारी दर ठरविणाऱ्यांची आहे, आणि ते त्यांच्याकडून वसूल करणे हे आपले काम आहे.